दोन वजनांचा तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे आणि माझं वजन चुकतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर अर्ध्या गोष्टीत तुम्हाला ते कळेल आणि तुम्ही नाक मुरडाल. रिकामा असताना मी अगदी सरळ उभा राहतो. पण शंभर ग्रॅमची वस्तू माझ्या डाव्या पारड्यात ठेवा, ती पंच्याण्णव भरेल. तीच उजव्या पारड्यात ठेवा, एकशे पाच भरेल. पूर्वी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

जन्मतः मी असा नव्हतो. पितळकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. त्याने माझी दांडी इतकी नेमकी घासली होती, की पारड्यात कागदाचा कपटा पडला तरी मी झुकायचो. पुढे मी एका बेकरीत आलो. ती बेकरी एका नवरा-बायकोची होती. पहाटेपासून ते माझ्यावर कणकेचे गोळे मापायचे आणि बाबा येईल त्याला अभिमानाने सांगायचे, "आमच्या पावाचं वजन कुठेही करून बघा." बाबा म्हणजे बेकरीवाले. त्यांच्या मुलीमुळे मीही त्यांना बाबाच म्हणतो.

मग एक दिवस फळीवरून पिठाचं पोतं माझ्यावर पडलं आणि माझी दांडी वाकली. दुरुस्ती करणाऱ्याने ती ठोकून सरळ केली, एका पारड्याखाली शिशाचा थेंब चिकटवला, दोन्ही पारडी समोरासमोर आलेली पाहिली आणि हात झटकून निघून गेला. दिसायला सगळं ठाकठीक होतं. पण माझी डावी बाजू किंचित आखूड झाली होती आणि ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर घरात भांडण सुरू झालं. बाबा टेबलाच्या एका बाजूला उभे राहून डाव्या पारड्यात गोळे टाकायचे, आई समोर उभी राहून उजव्या. बाबांचे पाव गुबगुबीत व्हायचे, आईचे बारके. गिऱ्हाइकं निवडून निवडून बाबांचेच पाव उचलायची.

"तू पीठ वाचवतेस का?" बाबांनी विचारलं.

"मी बरोबर मापते. तुमचाच हात सैल आहे."

आठवडाभर दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. त्यांची आठ वर्षांची मुलगी तिथेच स्टुलावर बसून गणितं करायची. सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी टिकायची नाही. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघं जागा बदलून बघा ना."

त्यांनी जागा बदलल्या. दुसऱ्या दिवशी आईचे पाव गुबगुबीत झाले. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाबांनी मात्र मला उचलून भंगाराच्या टोपलीत टाकलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. इतकी वर्षं इमानाने काम केलं आणि एका पोत्यापायी माझी ही गत झाली.

मुंगीने मला टोपलीतून बाहेर काढलं.

"खोटा तराजू कशाला हवाय तुला?" बाबांनी विचारलं.

"किती खोटा आहे ते बघायचंय."

त्या दिवसापासून मी तिच्या शाळेत आहे. तिची शाळा म्हणजे बेकरीच्या मागची खोली. तिला शाळेत घातलंच नव्हतं. का, असं लोकांनी हजारदा विचारलं असेल. आईचं उत्तर ठरलेलं होतं, "जमतंय म्हणून."

मुंगी मोठी झाली, सतरा वर्षांची झाली. सकाळी भट्टीच्या उबेत बसून ती इतिहास वाचायची, पाव गार होईपर्यंत बीजगणित करायची. धडा पाठ झाला नाही तर आई भट्टीचं घड्याळ पुन्हा लावायची. ती आईवर चिडायची, पुस्तक आपटायची, मग तेच पुस्तक उचलून छातीशी धरायची. रस्त्यावरून गणवेशातल्या मुलींचा घोळका हसत गेला, की खिडकीशी जरा जास्त वेळ रेंगाळायची. हे मी पाहिलं आहे. उगाच तिच्या आयुष्यात सगळी मौजच होती असं सांगणार नाही.

रोज अकराच्या सुमाराला टपालवाला यायचा आणि तिला गल्ल्यावर पाहून विचारायचा, "काय, आज शाळेला सुट्टी?"

"नाही काका, चालू आहे," ती म्हणायची.

शालान्त परीक्षा ती बाहेरून देत होती. पेपर ठीक गेले. राहिलं होतं ते प्रात्यक्षिक. घरी केलेल्या प्रयोगांची वही तपासायला परीक्षक येणार होते आणि त्यांच्यासमोर एक प्रयोग करून दाखवायचा होता. त्यात नापास झाली तर सगळं वर्ष वाया जाणार होतं.

आदल्या दिवशी आत्या आली. ती एका मोठ्या शाळेत शिकवते. तिने विजेवर चालणारा नवा काटा आणला होता, चकचकीत, आकडे दाखवणारा. तिने मुंगीची वही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. प्रत्येक वस्तूपुढे दोन वजनं होती, डावं आणि उजवं, आणि खाली दोन्हींच्या मधला आकडा.

"एका वस्तूची दोन वजनं? तो माणूस वही मिटून निघून जाईल. रात्र आहे हातात, पुन्हा लिहून काढ. आणि हे भंगार माळ्यावर टाक."

आईसुद्धा हळूच म्हणाली, "एका दिवसाचाच प्रश्न आहे गं."

"मी जे केलंय तेच लिहिलंय," मुंगी म्हणाली. "नवीन लिहिलं तर ते खोटं होईल. आत्तापर्यंत यातलं काहीच खोटं नाही."

आत्या रागावून गेली, पण काटा ठेवून गेली.

परीक्षक आले. त्यांनी माझी रिकामी पारडी पाहिली, समाधानाने मान हलवली. मग वही चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा तराजू सदोष आहे."

"हो," मुंगी म्हणाली.

"मग यावर प्रयोग कसे केलेस?"

"तुमच्याजवळची कुठलीही वस्तू द्या."

त्यांनी चष्म्याची डबी काढून दिली. डाव्या पारड्यात ती शहात्तर भरली, उजव्यात चौऱ्याऐंशी. मुंगीने वहीत लिहिलं, ऐंशी. मग तिने स्वतःहून आत्याचा काटा पुढे सरकवला. डबी ठेवली. ऐंशी.

परीक्षकांनी डबी उचलून खिशात ठेवली. "आमच्या प्रयोगशाळेत मुलं एकदाच वजन करतात," ते म्हणाले.

"त्यांचा तराजूवर विश्वास असतो," मुंगी म्हणाली. "माझा नाही. म्हणून मी दरवेळी दोनदा बघते."

मित्रांनो, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या कारागिराने मला घडवलं त्या दिवसांतही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

त्यांनी गुण दिले, तपासणीचा अहवाल भरला आणि सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला. 'उपकरण' या रकान्यात लिहिलं होतं, 'सदोष'.

"पुढे एवढं लिहा," ती म्हणाली. "दोष माहीत आहे, मोजलेला आहे."

"रकान्यात जागा नाही."

"मग खाली लिहा."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. परीक्षकांनी मुंगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली समासात ते वाक्य लिहिलं. मग मुंगीने सही केली.

तेव्हा माझी कीव करू नका. मला पुन्हा ठोकून सरळ करायलाही धावू नका. तुमच्या घरात असं वाकलेलं काही असेल, कुणी असेल, तर त्याला माळ्यावर लपवू नका. किती वाकलं आहे ते एकदा नीट मोजा आणि कामाला लावा. आम्ही काम करतो.

महिन्याभराने टपालवाला निकालाचं पाकीट घेऊन आला. मुंगीने ते गल्ल्यावर, माझ्या शेजारीच फोडलं आणि वाचून माझ्या डाव्या पारड्यात ठेवून दिलं. सगळ्या विषयांत पास होती. सवयीने टपालवाल्याने विचारलं, "काय, आज शाळेला सुट्टी?"

"नाही काका," ती म्हणाली. "आज संपली."