संस्थेच्या मॅडम येणार म्हणून

शेजारच्या वहिनींच्या हातात बाळ रडतं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. सासूबाईंच्या मांडीवर ते मजेत असायचं. त्यांनी त्याला ‘ठोंब्या’ म्हणावं, त्याच्या नाकाची टिंगल करावी आणि त्याने त्यांच्याकडे टकामका बघत राहावं. वहिनींचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला की हात धुऊन ‘काय पहिलवान’ म्हणत त्याला खांद्यावर टाकायचा आणि पहिलवान तिथेच झोपी जायचे. वहिनींनी मात्र हात लावायचा अवकाश, की बाळाने घर डोक्यावर घेतलंच.

आता कोणी म्हणेल, वहिनींना लहान मुलांची सवय नसेल. तर तसंही नाही. भाचरांना अंगाखांद्यावर खेळवलेली बाई ती. अडचण वेगळीच होती. हे बाळ दत्तक देणाऱ्या संस्थेतून आलं होतं, अगदी काही महिन्यांचं, आणि कोर्टाचा हुकूम अजून व्हायचा होता. तोवर ते कागदोपत्री फक्त ‘सांभाळायला दिलेलं’ होतं. मधल्या काळात संस्थेच्या मॅडम घरी येणार, बाळ रुळलं का, आईशी जवळीक झाली का ते बघणार आणि कोर्टाला कळवणार. ‘सांभाळायला दिलेलं’ हे शब्द वहिनींच्या डोक्यातून जात नव्हते. उद्या कोणी दारात येऊन ‘द्या बघू आमचं परत’ म्हणालं तर काय, हीच धास्ती.

त्याला कारण होतं. याआधी त्याच संस्थेत त्यांनी एका बाळाला कुशीत घेतलं होतं, घरी आणायचा दिवस ठरला होता, आणि मग त्याच्या जन्मदात्रीचा विचार बदलला. तो तिचा हक्कच होता, असं वहिनी स्वतःच सगळ्यांना समजावून सांगायच्या. सांगून झालं की नळ सोडून न्हाणीघरात रडत बसायच्या. या बाळाच्या बाबतीत जन्मदात्रीने विचार बदलण्याची मुदत उलटून गेलेली होती. मॅडमनी ते स्पष्ट सांगितलंही होतं. पण एकदा पोळलेलं मन असं सांगून थोडंच ऐकतं!

त्यातून वहिनींची नोकरी हॉटेलच्या काउंटरवर. आलेल्या माणसाला हसून किल्ली द्यायची आणि निघाला की हसूनच परत घ्यायची. मध्ये जीव गुंतवायचा नाही. बाळाशीही त्या तशाच वागत. दुपटं नीट, बाटली वेळेवर, आवाज मऊ. “काय हवंय बाळाला? काही त्रास होतोय का?” बाळाच्या जागी मी असतो, तर मीही भोकाड पसरलं असतं.

मॅडम दुपारी येणार असा निरोप आला आणि वहिनींचं धाबं दणाणलं. आपल्याकडे रडणारं बाळ मॅडमच्या देखत सासूबाईंकडे जाऊन गप्प झालं, तर सगळं संपलंच. नवऱ्याला त्यांनी सकाळीच बजावलं, “तू आज लवकर येऊ नकोस.” तो बुचकळ्यात पडून कामावर गेला. मग सासूबाईंची पाळी आली.

“आई, तुम्ही जरा शेजारी जाऊन बसता का?”

“का गं? मी काय चावते का मॅडमना?”

“तसं नाही हो. बाळ आणि मीच असलं की बरं दिसेल.”

“बरं दिसेल म्हणे! आणि तो रडला की?” असं म्हणत सासूबाई पायात चपला सरकवून गेल्या.

वहिनींनी बाळाला दूध पाजलं, थोपटून झोपवलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. मॅडम आल्या की हे शांत चित्र त्यांना दिसेल, असा बेत. बेत उत्तम होता, फक्त बाळाला कोणी विचारलं नव्हतं. बेल वाजली आणि त्याने सूर लावला.

मॅडम जिने चढून धापा टाकत आत आल्या आणि चष्मा पुसत बसल्या. “या ना, यायला काही त्रास नाही ना झाला?” वहिनींनी काउंटरवरच्या आवाजात विचारलं. “तो आता झोपेलच. एरवी अगदी शांत असतो. फार रुळलाय.”

बाळ लालबुंद झालं होतं. वहिनींनी त्याला खांद्यावर घेतलं, आडवं धरलं, खुळखुळा वाजवला, खिडकीपाशी नेलं, परत आणलं. मॅडम बघत होत्या. वहिनींच्या तोंडावरचं हसू अजून जागेवर होतं. शेवटी मॅडम उठल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“द्या बघू माझ्याकडे.”

वहिनी झटकन मागे सरल्या, पाठ कपाटाला टेकेपर्यंत.

“नाही.”

“अहो, मी फक्त...”

“नाही देणार! रडतो तो माझ्याकडे. रोज रडतो. सासूबाईंकडे नाही, बापाकडे नाही, माझ्याचकडे! मघाशी मी खोटं बोलले. काय कळवायचं ते कळवा, पण हा मी तुमच्या हातात देणार नाही.” मग त्या बाळाकडे वळल्या. “आणि तू रे! किती रडशील? गप की जरा मेल्या! कुठे जायचंय तुला? कुठ्ठे जायचं नाहीये, कळलं?”

बाळ दचकून थांबलं. या बाईचा असा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. मग त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि आता वहिनीही त्याच्या जोडीला रडू लागल्या. त्याने ओकलेलं दूध त्यांच्या मानेवरून ओघळत होतं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

मॅडमनी हात खाली घेतले.

“मी त्याला न्यायला आले असं वाटलं तुम्हाला?”

वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

“अहो, तुमचे हात भरून आले असतील म्हणून मागितलं. बाळं रडतातच. पुढच्या वेळी मात्र सगळे घरात असा, मला तुमचं खरं घर बघायचंय.” त्या खुर्चीत टेकल्या. “बरं, घोटभर चहा मिळेल का? घसा कोरडा पडलाय. तोवर मी ह्याला...”

त्यांचे हात अर्धवट पुढे आले होते. वहिनींनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“चहा तुम्हीच ठेवा,” त्या म्हणाल्या. “साखर वरच्या डब्यात आहे. माझे हात मोकळे नाहीत.”