डीकनसाठी थांबलेली सकाळ

होलिस लेडबेटर ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसला तेव्हा उजाडायला अजून अवकाश होता. टेकडी चढताना त्याच्या गुडघ्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घालून घेतल्या होत्या, आता ते गप्प होते. वय चौऱ्याहत्तर. बंदूक मांडीवर, टोपी कपाळावर ओढलेली, पायाशी दवाने भिजलेला पालापाचोळा. अमेरिकेतल्या ओझार्कच्या या डोंगरांत वसंतातल्या टर्की पक्ष्यांच्या शिकारीचा आज शेवटचा दिवस होता, आणि दुपारी एक वाजला की कायद्याने बंदुका खाली. त्याच्या खिशात एकच परवाना उरला होता. एक नर, की संपलं.

प्रश्न खरं तर सोपा असायला हवा होता. परवा दुपारी ओलेटा, त्याची बायको, खिडकीपाशी पडल्या पडल्या म्हणाली होती, "होलिस, कोवळी टर्की खावीशी वाटतेय. ताकात भिजवून तळलेली. वर पांढरी ग्रेव्ही."

पाच महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. नाताळपासून तिच्या पोटात सूप आणि औषधं यांखेरीज काही टिकत नव्हतं, आणि हल्ली सूपही अर्ध्यावर परत जायचं. डॉक्टरीणबाईंनी होलिसला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "मागतील ते द्या त्यांना." त्याचा अर्थ त्याला कळला होता. घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून तो बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत बसला होता.

म्हणजे कोवळा नर मारायचा आणि घरी जायचं. पण मधे डीकन होता ना!

डीकन हा या टेकडीवरचा म्हातारा नर टर्की. चर्चमधल्या डीकनसारखा, पाद्र्याच्या त्या मदतनिसासारखा, तो सगळ्यांच्या मागून यायचा, छाती पुढे काढून, आणि आल्यावर कुणाची तरी चूक काढल्यासारखा बघत राहायचा, म्हणून ओलेटानेच हे नाव ठेवलेलं. छातीवरून लोंबणारी केसाळ दाढी गवताला घासेल इतकी लांब. पायांच्या नख्या अशा वळलेल्या, की मेल्यावर फांदीला नुसत्या अडकवल्या तरी सगळं धूड लटकून राहावं. सहा वसंत होलिस त्याच्यामागे होता, आणि सहाही वसंत डीकनने त्याला मामा बनवलं होतं. टर्कीचं आयुष्य ते केवढं! पुढचा हिवाळा काही तो काढत नव्हता. होलिसचे गुडघेही नव्हते काढत. आणि डीकनचं मांस? शेजारचा बर्ल हॅस्किन्स म्हणायचा, "त्यापेक्षा माझा बूट उकडून खा, लवकर शिजेल."

उजाडलं. दरीतलं धुकं हळूहळू वर आलं, झाडांच्या कमरेपर्यंत, आणि तिथेच रेंगाळलं. वरून बघताना टेकड्या पाण्यावर तरंगत असल्यासारख्या वाटत होत्या. होलिसला ही वेळ फार आवडायची. या वेळी आपण कुणाचे कोण, आपलं वय काय, घरी काय चाललंय, यातलं काहीही माणसाला नीटसं आठवत नाही.

धुक्यातून चार पोरगे नर आले. वर्षभराची टर्की, बोटभर दाढ्या, एकमेकांना ढकलत, उगाच चोची मारत, शाळा सुटल्यासारखे. पंचवीस पावलांवर येऊन पाला उकरायला लागले. होलिसने बंदूक खांद्याला लावली. एकाचं डोकं नळीच्या टोकावरच्या माशीशी अगदी नेमकं जुळलं, बोट खटक्यापाशी गेलं.

आणि मनात तो म्हणाला, थांबू की जरा. सकाळच तर आहे. ही पोरं काय, परत येतील. डीकन एकदाच येईल.

पोरं पाला उकरत उकरत उतारावर गेली, दिसेनाशी झाली. होलिसने बंदूक खाली घेतली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली. बायको घरी एका घासाची वाट बघतेय, आणि हा इथे भिंतीवर लावायच्या दाढीसाठी अडून बसलाय! तरी उठला मात्र नाही. हट्टी माणसाचं असंच असतं, लाज वाटते पण बूड हलत नाही.

ऊन चढलं. ओकच्या कोवळ्या पानांतून येणारा उजेड हिरवट होऊन अंगावर सांडायला लागला. कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता, मग तोही थांबला. होलिसच्या पापण्या मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या.

डाव्या अंगाला, अगदी खांद्यामागे, मादीने साद घातली. चार सूर, त्यातला तिसरा जरा बसका.

ती ओलेटाची साद होती. लग्नानंतर कित्येक वर्षं, सहा वर्षांपूर्वी तिला टेकडी चढवेनाशी होईपर्यंत, ती त्याच्याबरोबर याच झाडाखाली बसायची. नरांना बोलवायला त्याला लाकडाची डबी घासून मादीचा आवाज काढावा लागे. ती नुसत्या तोंडाने काढायची, आणि तिसरा सूर दर वेळी बसायचा. नरांना तोच आवडायचा. आताही ती शेजारी होती. तिचा हिरवा रुमाल त्याला डोळ्यांच्या कडेने दिसत होता, पेपरमिंटचा वास येत होता, तिच्या बाहीची ऊब त्याच्या बाहीला लागत होती. ती आजारी नव्हती. ती कधी आजारी पडलीच नव्हती. होलिसला इतकं बरं वाटलं, की इतकं बरं वाटल्याचंही त्याला नवल वाटलं नाही.

समोर डीकन उभा होता.

केव्हा आला कोण जाणे. वीस पावलांवर, शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला, डोकं पांढरं, गळा लालभडक, पिसांवर तांब्याची आणि हिरवी झाक. दाढी खरंच गवताला लागत होती. बंदूक गुडघ्यावरच होती, नळी त्याच्याकडेच. फक्त गाल टेकवायचा आणि बोट आवळायचं.

शेजारी पाला जरासा वाजला. होलिस कुजबुजला, "ओलेटा, हलू नकोस."

डीकनची मान ताठ वर आली. पंखा मिटला. "पट्" असा एकच आवाज, आणि तो जागेवर नव्हता.

टर्कीच्या शिकारीत माणूस खोकला दाबून धरतो, डास गालावर बसू देतो, गोचीड चढली तरी चढू देतो. बोलत मात्र नाही. पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात हे. आणि साठ वर्षं रानात काढलेला होलिस लेडबेटर बायकोशी बोलला होता, जी तिथे नव्हती. त्याने वळून पाहिलं. एक धुळकट मादी टर्की झुडपात शिरत होती. बाकी नुसता पाला.

साडेअकरा झाले होते. पलीकडच्या टेकडीवरून डीकन गरजला, घसा साफ करून. तो दूर गेला नव्हता. ओढ्याकडून वळसा घातला तर अर्ध्या तासात त्याच्या वरच्या अंगाला पोचता येईल, वेळ आहे. होलिस एका गुडघ्यावर उठलाही.

आणि तसाच थांबला. आपण सहा वर्षं इथे कुणाची वाट बघत होतो, ते त्याला आत्ता कळलं होतं. दर वसंतात याच झाडाखाली, डावीकडे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. डीकन मिळाला तरी त्या जागेवर कुणी येऊन बसणार नव्हतं. ती घरी होती. ती अजून घरी होती, आणि तिला भूक लागली होती.

"मूर्खा," तो स्वतःला मोठ्याने म्हणाला. आता बोलायला हरकत नव्हती.

तो परत बसला, डबी काढली, आणि झाकण घासून चार सूर काढले. तिसरा मुद्दाम बसका. पोरगे नर धावत आले, एकमेकांना ढकलत. पलीकडे डीकन अजून गरजतच होता. होलिसने सगळ्यांत गुबगुबीत निवडला आणि बार काढला.

मग टोपी काढून त्याने त्या गरम पिसांवर हात ठेवला. हे तो दर वेळी करायचा. परवाना पक्ष्याच्या पायाला बांधला, आणि उतरताना गुडघ्यांनी परत तोंड सोडलं.

खाली रस्त्यावर बर्ल टपालाच्या पेटीपाशी उभा होता. त्याने पक्षी बघितला आणि शीळ घातली. "सहा वर्षं डीकन डीकन करून आमची डोकी खाल्लीस, आणि शेवटी हे पिल्लू? अरे, दाढी आहे की मिशी फुटलीय त्याला?"

"कोवळं आहे," होलिस म्हणाला.

बर्लचं हसू ओसरलं. "ओलेटाला?"

"हो."

"मग इथे माझं थोबाड काय बघतोस? पळ."

छातीचे पातळ काप करून त्याने ते ताकात घातले, पिठात घोळवले, लोखंडी तव्यात तळले. ओलेटा उशा लावून टेबलाशी बसली होती, त्याच्या हातांकडे बघत. ग्रेव्हीत गुठळ्या झाल्या. तिने त्या बघितल्या आणि मोठ्या मनाने माफ केल्या.

"डीकन आला होता का?" तिने विचारलं.

थाप मारावी असं त्याच्या मनात आलं. पण इतक्या वर्षांत त्याची एकही थाप तिच्यापुढे टिकली नव्हती. "आला होता. वीस पावलांवर."

"मग?"

"मी बोललो."

"बोललास?" तिचा काटा हवेतच राहिला. "कुणाशी?"

"तुझ्याशी. तू शेजारी होतीस. म्हणजे, मला वाटलं की आहेस." तव्याकडे बघतच तो म्हणाला, "तो गेला तेव्हा मला वाईट नाही वाटलं गं. तू नाहीस हे दिसलं, तेव्हा वाटलं."

ओलेटाने एक तुकडा तोंडात घातला. हळूहळू चावला. होलिसने पाठ फिरवली, कारण तिला खाताना बघायचं धैर्य त्याला हल्ली होत नसे. मागे काटा बशीला लागल्याचा आवाज आला. मग परत आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि त्याला वाटलं, झालं, बाजूला सारली बशी.

"होलिस," ती म्हणाली, "आणखी आहे?"