जयरामशेटच्या डोक्यावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. तुम्ही मला घमेलं म्हणत असाल. पत्र्याच्या तुकड्याला दाबून कारखान्यात मला आकार दिला आणि म्हसा गावच्या जत्रेत गोजाबाईने मला विकत घेतलं. धसईजवळच्या एका गावाच्या टोकाला तिची वस्ती. शेत नाही, त्यामुळे मजुरीवरच पोट. रस्त्याची खडी, बांधाची माती, शेणखत, सगळं मी तिच्या डोक्यावरून वाहिलं. "माझी पाटी लय गुणाची गो," असं ती बायकांना कौतुकाने सांगायची.

त्याच गावात जयरामशेटची पोल्ट्री होती. एका पावसाळ्यात रोगाने कोंबड्या मेल्या. खड्डा खणून पुरायचा कंटाळा केला आणि शेटने त्या ओढ्यात टाकायला लावल्या. ओढा फुगला आणि वस्तीच्या विहिरीत शिरला. घरोघरी जुलाब सुरू झाले. गोजाबाईची नात वेणू तर मरणाच्या दारातून परत आली. त्या काळात मला कोणी हात लावला नाही. अंगणात पडून मला गंज चढला.

वेणू वाचली, पण विहीर तशीच राहिली. बायका लांबून पाणी आणत. उन्हाळ्यात वस्तीने गाळ उपसायला घेतला, तेव्हा शेट आले. मान खाली होती.

"गोजाबाई, पाप माझं हाय. मी गडी धाडतो."

"गडी कशाला, शेट? गडी आमीच हाव," ती म्हणाली. "पाप गड्यांनी केलं नाय."

शेट विहिरीच्या काठाशी गेले. मग त्यांनी चपला काढल्या आणि गाळाने भरलेली मला उचलून डोक्यावर घेतली. आजवर वस्तीतल्या भांड्याला हात न लावलेला माणूस! काळा, कुजका गाळ त्यांच्या सदऱ्यावर ओघळला. त्यांचा मुलगा रूपेश धावत आला.

"दादा, लोक बघतात. ठेवा ती पाटी."

"बघू दे रे."

तळ लागेपर्यंत ते रोज आले. आधी बायका त्यांच्यापासून लांबून चालत. एकदा गोजाबाईने आपली चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

नवं पाणी आलं, त्यात औषध पडलं. पहिला तांब्या भरून गोजाबाईने शेटपुढे धरला.

"आधी तुमी."

शेटने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. ते प्याले, तांब्या रिकामा होईपर्यंत प्याले. मग वेणू प्याली.

मित्रांनो, त्या कामात माझा तळ फाटला, त्याचं मला दुःख नाही. आमच्यासारख्यांना काम झालं की धुऊन पालथं ठेवत जा, म्हणजे गंज उशिरा चढतो. आणि आपल्या हातून घाण झाली, तर ती उपसायला दुसऱ्याचं डोकं शोधू नका.