दिवाळीपर्यंत कुटारात

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. एकनळी, साडेचार फूट लांब. मध्य प्रदेशातल्या सौसरकडे मला भरमार म्हणतात. मित्रांनो, बंदुकीची गोष्ट म्हटली की तुम्हाला वाघ नाहीतर दरोडेखोर आठवत असतील. माझ्या गोष्टीत एक घाबरलेला माणूस आहे, त्याची बायको आहे आणि बैलांचं कुटार आहे.

माझी नळी एका लहानशा कारखान्यात तयार झाली. दस्ता शिसवीचा आहे. माझ्यात काडतूस जात नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजाने ठासायचं. शेवटी मागच्या बारीक तोटीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. एकदा भरल्यावर मला रिकामं करायचा सोपा मार्ग एकच, बार उडवणं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं.

महाराष्ट्रातल्या नरखेडकडच्या एका गावात नत्थूजी नावाचे शेतकरी होते. त्यांनी रीतसर परवाना काढून मला घरी आणलं. संत्र्याच्या बागेत आणि ज्वारीत रानडुकरं शिरायची. नत्थूजी बहुतेक वेळा नुसता आवाज काढत. डुकरं पळत, पीक वाचे. बावीस वर्षं मी हे काम केलं आणि माझ्यामुळे कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. दर दसऱ्याला मनकर्णाबाई, म्हणजे नत्थूजींच्या पत्नी, मला पाटावर ठेवून हळदकुंकू लावत. पूजा झाली की नत्थूजी मला भरून शेताच्या बांधावर नेत आणि एक बार काढत. त्या घरचा तो रिवाजच होता. माझ्या नळीवर एक नंबर कोरलेला आहे. तोच नंबर परवान्याच्या पुस्तिकेत होता आणि ती पुस्तिका ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली असायची.

मग मनकर्णाबाईंचे वडील यशवंतराव वारले. त्यांना मुलगा नव्हता. सौसरकडच्या मोहगावजवळची त्यांची जमीन मनकर्णाबाईंकडे आली. नत्थूजींनी नरखेडकडची शेती विकली आणि १९८५ च्या मे महिन्यात बिऱ्हाड हललं. दोन बैलगाड्या होत्या. मी दुसऱ्या गाडीत, दोन वाकळांच्या मधे. वाटेत एका दगडाशी मनकर्णाबाई म्हणाल्या, "इथून मध्य प्रदेश लागलं म्हनतेत."

"दुसरं राज्य कायचं वं?" नत्थूजी हसले. "हे तं माही सासुरवाडी हाये."

त्यांचं चूक होतं असं कसं म्हणू? दगडाच्या दोन्ही बाजूंना संत्री तीच, कपाशी तीच. बोलणं तेच. सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्यांची. बैलांनीसुद्धा चाल बदलली नाही. बदल झाला तो फक्त ट्रंकेतल्या कागदाच्या दृष्टीने, आणि तो कागद कोणी उघडलाच नाही.

दसरा आला. नव्या घरातली पहिली पूजा झाली. मनकर्णाबाई शेजारीपाजारी सोनं द्यायला गेल्या. नत्थूजींनी अंगणात बसून मला भरलं. सकाळी बांधावर डुकरांच्या खुरांच्या खुणा दिसल्या होत्या, म्हणून त्यांनी छर्रेही घातले. टोपी बसवली. ते उठणार एवढ्यात मुकुंद मास्तर आपट्याची पानं घेऊन आले. हे मनकर्णाबाईंचे चुलतभाऊ, गावातल्या शाळेत शिक्षक. पूजेसाठी ट्रंकेतून काढलेली पुस्तिका पाटावरच होती. मास्तरांना छापलेलं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय राहवत नाही.

"भाऊजी, हे लायसन कोनत्या राज्याचं हाये?"

"सरकारी हाये."

"सरकारं दोन हायेत न, भाऊजी! याच्यावर महाराष्ट्र लिवलं हाये. अन् हे मांगचं पान पाहा. घर बदललं तं महिन्याच्या आत दोन्हीकडं कळवा लागते. तुमाले येऊन पाच महिने झाले."

"मांगचं पान कोन वाचते? शिक्का तं पुढं मारतेत."

"हा गुन्हा होते, भाऊजी. मी हसून नाही राहिलो. चाला, आजच ठान्यात सांगून देऊ. मी येतो संगं."

नत्थूजींचा चेहरा उतरला. "सनाच्या दिवशी? सारं गाव म्हनीन, जावई राहाले आला अन् पयल्याच दसऱ्याले ठान्यात गेला. पाहू मंग."

मास्तर गेले. नत्थूजींच्या हाताला घाम सुटला होता, तो मला दस्त्यावर जाणवत होता. त्यांनी मला उचललं, कुटाराच्या खोलीत नेलं आणि आतल्या कोपऱ्यात खोल पुरलं. कुटार म्हणजे कडब्याचा आणि तुरीचा भुसा, बैलांचं खाणं. बार उडवावा तर आवाज होणार, आणि आवाज झाला की लोक विचारणार. म्हणून त्यांनी मला तशीच भरलेली ठेवली. माझं तोंड खोलीच्या मध्याकडे होतं. घोडा टोपीवर टेकलेला होता. मनकर्णाबाई परत आल्यावर ते म्हणाले, "बंदूक वावरातल्या कोठ्यात ठेवली."

त्यांचा बेत मला दुसऱ्या दिवशी कळला. ते दारात उभे राहून स्वतःशीच पुटपुटले, "दिवाळीले फटाके वाजतीन. त्यात आपला एक बार. कोनाले समजते?" दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत एकवीस दिवस होते.

मित्रांनो, त्या दिवसांत मी मोजण्याशिवाय काहीच करू शकत नव्हते. माझ्यावर दीड हात कुटार होतं. मनकर्णाबाई सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन टोपली काढत, पण दाराजवळच्या ढिगातून. मी स्वतःला समजावत होते की तो ढीग दिवाळीपर्यंत पुरेल. भिंतीपलीकडून आवाज येत. रस्त्याने जीप गेली की नत्थूजींचं बोलणं मधेच तुटे. मास्तर दर दोन-तीन दिवसांनी येत.

"भाऊजी, गेले का?"

"कापूस येचनं सुरू हाये."

"कापूस मनकर्णाबाई पाहीन. तुमी अर्ज तं लिहा."

"तू मास्तर आहे, तुले अर्जाचं भेव नाही वाटत. मले आत टाकलं तं?"

मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या, "मुकुंदा सांगून राहिला ते खोटं नाही. नरखेडच्या ठान्यात नेऊन देऊ का परत?"

"अन् वाटंत धरलं तं?" नत्थूजी म्हणाले आणि पानावरून उठले.

बाराव्या दिवशी अवेळी पाऊस आला. दारातून ओल आत शिरली आणि दाराजवळचं कुटार भिजलं. भिजलेलं कुटार आंबतं. बैल त्याला तोंड लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई टोपलं घेऊन सरळ आतल्या कोपऱ्यात आल्या.

दीड हात कुटारातून रोज दोन टोपली गेली तर काय उरेल, याचा हिशेब अवघड नाही. तिथून काढायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी माझ्यावर वीतभर उरलं. पाचव्या दिवशी चार बोटं. त्या वाकत, तेव्हा त्यांची छाती माझ्या तोंडासमोर येई. बांगड्यांचा आवाज जवळ येत जाई. हात आत जाई आणि माझ्या नळीपासून बोटभर अंतरावरून भुसा ओढून बाहेर येई. बावीस वर्षं ज्या हाताने मला कुंकू लावलं, तो हात. मला चाप आहे, घोडा आहे, पण आवाज काढायचा तर तोच एक आवाज माझ्याकडे आहे. दुसरा नाही. तो निघू नये एवढंच मी म्हणत राहिले.

सहाव्या दिवशी, दिवाळीला अजून तीन दिवस होते तेव्हा, त्यांनी टोपलंच कुटारात खुपसलं. टोपल्याची कड घोड्याच्या खाली अडकली. त्यांनी ओढलं. घोडा टोपीवरून उचलला गेला, थोडासा, मग अजून थोडासा. आता कड सुटली असती तर घोडा आपटला असता.

मनकर्णाबाई थांबल्या. टोपलं का अडलं, ते हिसका न देता पाहणारी ती बाई. एका हाताने टोपलं तसंच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने भुसा बाजूला सारला. लोखंड दिसलं. तोटीवरची तांब्याची टोपी दिसली. तिचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता. त्यांनी अंगठ्याने घोडा पकडला, कड सोडवली, घोडा हळूहळू खाली टेकवला आणि माझ्या तोंडासमोरून बाजूला सरल्या. मग हाक मारली.

"आयकलं का? इकडं या. भिंतीकडून या, समोरून येऊ नका."

नत्थूजी आले आणि दारातच खिळले.

"भरली हाये?"

त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"मी इचारून राहिली, भरली हाये का?"

"हो. दसऱ्यापासून. दिवाळीले उडवनार होतो."

"सहा दिवस झाले, मी इथं हात घालून राहिली."

"मले वाटलं तू दाराजवळून काढते."

"दाराजवळचं भिजलं न! भिजलेलं बैल खातेत का?" "तुमाले ठान्याचं भेव वाटलं, ते समजलं मले. मले सांगाचं भेव काऊन वाटलं?"

"जावई मानूस मी, इथं..."

"जावई राहू द्या. आंदी हे टोपी काढा."

नत्थूजींनी नखाने टोपी काढली. आधी ती दोनदा निसटली. मग मनकर्णाबाईंनी चुलीवरचं कढत पाणी आणलं आणि माझ्या नळीत ओतलं. मित्रांनो, लोखंडाचा शत्रू म्हणजे ओल. जन्मभर मी पाण्याला भ्याले. त्या दिवशी ते पाणी दारूपर्यंत पोचलं, दारूचा काळा चिखल झाला आणि मला हलकं वाटलं. गजाच्या टोकाच्या स्क्रूने नत्थूजींनी बोळे उपसले. छर्रे परातीत पडले. मनकर्णाबाईंनी परात उचलली नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग नत्थूजींनी मला पुसून तेलाची चिंधी फिरवली आणि पहिल्यांदाच आपण होऊन म्हणाले, "मुकुंदाले बलाव."

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि नत्थूजी परवाना आणि अर्ज घेऊन ठाण्यात गेले. मला घरीच ठेवलं होतं. दुपारी जीप अंगणात आली. नत्थूजी पुढच्या बाकावर होते, बेडी नव्हती. शेजारी ठाणेदार. ओसरीवर पाय ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं, "भरी हुई है क्या?"

उत्तर मनकर्णाबाईंनी दिलं, "कालपर्यंत होती, साहेब. आता नाही."

ठाणेदारांनी मला उचललं, नळीत गज सोडला. तो तळाला लागून खणकन वाजला. त्यांनी परातीतल्या छर्ऱ्यांकडे पाहिलं, ओल्या काळ्या बोळ्यांकडे पाहिलं आणि खिशातली वही काढली.

"रिपोर्ट तो ऊपर जाएगी, नत्थूजी. क्या होगा, मैं नहीं कह सकता. पर आप खुद चलकर आए, यह भी लिखूँगा."

मित्रांनो, पुढे काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. मी ठाण्याच्या सामानाच्या खोलीत आहे, चापाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. नत्थूजी महिन्यातून एकदा सही करायला येतात, मग बसने घरी जातात. नळीत गंजाचा एक पातळ थर आला आहे. त्याचं मला दुःख नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: माझ्यासारखी वस्तू घरात असेल तर ती कुठे आहे आणि कशी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. कागदाची भीती वाटली तरी सांगा. त्याच दिवशी सांगा.

त्या दिवशी जीप निघण्याआधी मी मागच्या बाकावर आडवी होते. बैल हंबरत होते, त्यांची वेळ झाली होती. मनकर्णाबाई टोपलं घेऊन खोलीत शिरल्या. आधी काहीच ऐकू आलं नाही. त्या दारात थांबल्या असाव्यात. मग कुटारात कोपरापर्यंत हात गेल्याचा आवाज आला, आणि बांगड्या वाजल्या.