स्तामेनाचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. खरे तर जी चालते ती मोटार, आणि मी चार वर्षांपासून रोदोपी डोंगरातल्या एका अंगणात आलुबुखारच्या झाडाखाली जागची हललेली नाही. माझ्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. माझी गोष्ट ऐकून कोणाचे डोळे उघडतील अशी मला फारशी आशा नाही. माणसे ऐकून घेतात, हळहळतात आणि गाडीत बसून निघून जातात. तरी सांगते, कारण सांगण्यावाचून माझ्या हातात दुसरे काही उरलेले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या काळी आमच्या बल्गेरियात मोटार दुकानात जाऊन उचलून आणता येत नसे. नाव नोंदवायचे आणि वाट बघत बसायचे. माझ्या मालकाचे नाव झाप्रियान. त्याने नाव नोंदवले तेव्हा त्याची मुलगी रांगत होती, आणि मी दारात आले तेव्हा ती पाचवीत होती. रंग निवडायची सोय नव्हती. मी हळदीसारखी पिवळी निघाले, पण अकरा वर्षे वाट बघितलेल्या माणसाला कुठलाही रंग चालतो. अख्खा गाव मला बघायला लोटला. चर्चच्या पाद्र्याने माझ्या बॉनेटवरून हात फिरवला आणि मला मोठा अभिमान वाटला.

पहिल्याच दिवशी झाप्रियानची बायको स्तामेना तांब्याची लोटी घेऊन बाहेर आली आणि माझ्या पुढच्या चाकांसमोर तिने पाणी ओतले. आमच्याकडे कोणी प्रवासाला निघाले की त्याच्या वाटेवर पाणी सांडतात. पाणी अडत नाही, तशी वाटही अडू नये म्हणून.

"पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये," ती म्हणाली.

त्यानंतर वर्षानुवर्षे ही लोटी एकदाही चुकली नाही. झाप्रियान बाजाराला निघो की दाढी करायला, माझ्यापुढची जमीन ओली झाल्याशिवाय तो गिअर टाकत नसे.

सुरुवातीची वर्षे माझी फार सुखाची गेली. मी बटाट्याची पोती वाहिली, मेंढ्या वाहिल्या, एकदा तर नवरीही वाहिली. दर रविवारी झाप्रियान माझे बॉनेट उघडे. तेलाची पट्टी ओढून बघे, रेडिएटरचे झाकण उघडून इंजिन थंड ठेवणारे आतले हिरवे कूलंट बघे, रबरी नळ्या बोटांनी दाबून बघे. तेलाचे हात मात्र बनियनला पुसे आणि स्तामेनाचा पारा चढे.

"तेल तुझ्या बनियनला आणि साबण माझ्या नशिबाला! लग्न माझ्याशी केलंस की हिच्याशी?"

"तुझ्यासाठी काय अकरा वर्षं थांबावं लागलं होतं?" तो म्हणे.

मग काळ फिरला. गावातली तरुण माणसे एकेक करून परदेशी गेली. त्यांची मुलगीही स्पेनला गेली आणि तिला बसपर्यंत मीच सोडले. त्या दिवसापासून झाप्रियानमधले काहीतरी ढिले पडले. रविवार येई आणि जाई, माझे बॉनेट बंदच. "चालतेय ना, मग झालं," हे त्याचे पालुपद झाले. मित्रांनो, या चार शब्दांनी जितक्या गाड्या मारल्या तितक्या दरीने मारल्या नसतील.

माझे ब्रेक करकरू लागले तेव्हा त्याने रेडिओचा आवाज वाढवला. माझा पट्टा चिरकू लागला तेव्हा "म्हातारी कुरकुरायचीच" म्हणून हसला. इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा अधूनमधून वर चढे आणि त्याच्या जिवाला घोर लावी. म्हणून त्याने प्रवाशांचा रक्षणकर्ता संत निकोलाय याचे चित्र नेमके त्या काट्यावर चिकटवले. संताला मी दोष देत नाही. त्याला कुठे चिकटवावे हे त्याला कोणी विचारले नव्हते.

आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याने कूलंट आणणे सोडले. आठवण झाली की तो झऱ्याचे साधे पाणी माझ्या पोटात ओती. त्या पाण्याने मी आतून गंजत गेले. शिवाय कूलंटला रंग असतो, वास असतो, ते गळले की ओळखू येते. पाण्याला कसली आलीय ओळख? पुढे माझ्या खालच्या रबरी नळीला चीर पडली आणि मी थेंब थेंब गळू लागले. कुठे? पुढच्या चाकांपाशी, स्तामेना जिथे पाणी ओतत असे अगदी तिथेच.

शेजारचा मिन्यो पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. एका सकाळी कुंपणावरून त्याची नजर गेली.

"झाप्रियान, गाडी मुतते रे तुझी."

"ते स्तामेनाचं पाणी आहे."

"रोज?"

"रोज. तुझ्या बायकोनं कधी तुझ्या वाटेवर पाणी ओतलं असतं तर तुला कळलं असतं."

"माझ्या बायकोनं ओतलं, पण गरम, आणि डोक्यावर." मिन्यो हसला. "थट्टा राहू दे. गाडी थंड असताना झाकण उघडून बघ एकदा. एक कोरडा पुठ्ठा खाली टाक रात्रभर. सकाळी कळेल कोण गळतंय ते."

"बरं, बरं, डॉक्टरसाहेब!"

पुठ्ठा काही आला नाही. एक पुठ्ठा, मित्रांनो. घरात पुठ्ठ्याची खोकी पडलेली होती.

ऑक्टोबरात स्तामेना आजारी पडली. तीन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. चार पावले टाकली तरी तिला धाप लागे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पहिल्यांदाच लोटीवाचून, झाप्रियान मला घेऊन खालच्या गावातून गोळ्या घेऊन आला. मी तापून आले आणि उभ्या जागी रात्रभर ठिबकत राहिले. सकाळी स्तामेनाचे ओठ निळे दिसू लागले. गावात फोन लागतो तो फक्त चर्चच्या टेकाडावर. झाप्रियान तिथे धावला. रुग्णवाहिका दुसऱ्या डोंगरावर गेली होती, यायला दोन तास लागणार होते. "तोवर मीच पोचतो," म्हणत तो परत आला, तिला घोंगडीत गुंडाळले आणि आधार देत अंगणात आणले.

माझ्या पुढच्या चाकांपाशी जमीन ओली होती.

झाप्रियान थबकला. त्याचे डोळे भरून आले. "अगं वेडे, मी वर गेलो तेवढ्यात एवढ्या धापेत उठून पाणी ओतलंस?"

स्तामेनाने जमिनीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. बोलण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता. तिने त्याची बाही धरली आणि एवढेच म्हणाली, "चल."

मी ओरडू शकले असते तर त्या वेळी ओरडले असते.

आमच्या गावातून शहराकडे जायचे तर आधी खिंड चढावी लागते. चढ सुरू झाला आणि माझ्या पोटात आग पेटली. संत निकोलायच्या पाठीमागे काटा तांबड्यात गेला होता. झाप्रियान तिला मुलीच्या गोष्टी सांगत होता, नाताळला येणार म्हणत होता. तिसऱ्या वळणावर माझ्या बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि मी थांबले. शेजारीच अखंड धार वाहणारा दगडी पाणवठा होता, कोणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेला.

घाबरलेला माणूस चुकांची माळ ओवतो. झाप्रियानने फडके गुंडाळून माझे तापलेले झाकण फिरवले. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मित्रांनो, तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, मग घाई कितीही असो. त्याने भाजल्या हाताने डबा भरून बर्फासारखे थंड पाणी माझ्या कोरड्या, रसरसलेल्या पोटात ओतले. आत काहीतरी तडकले. मी अर्धा तास निवले असते तर कदाचित कशीबशी खिंड ओलांडली असती. तिच्याजवळ तो अर्धा तास होता की नाही, हे मला माहीत नाही. त्यालाही कधी कळणार नाही.

तो पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू लागला. तेव्हा शेजारच्या सीटवरून स्तामेना हळूच म्हणाली, "हात भाजला ना रे तुझा. आधी पाण्याखाली धर, जा."

तिचे ऐकायची त्याला सवय होती. तो गेला, हात धारेखाली धरला. परत आला तेव्हा ती गेलेली होती. लाकडे वाहणारा एक ट्रक आला तो त्यानंतर तासाभराने. तोवर तो तिचा हात हातात घेऊन माझ्यात बसून होता.

पुढच्या आठवड्यात मिन्योने मला ट्रॅक्टरने ओढून अंगणात आणले. बॉनेट उघडून तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"ही चीर जुनी आहे, झाप्रियान."

"नाही रे. ते तिचं पाणी होतं. त्या दिवशीसुद्धा ओतलं तिनं. उठवत नव्हतं तरी उठली."

"तू पाहिलंस तिला ओतताना?"

पट्टी बांधलेल्या हाताने झाप्रियानने माझ्या बॉनेटचा काठ धरला. तो म्हणाला, "मिन्यो, माझ्याशी खोटं बोल."

मिन्योने नाक पुसले. "नळी त्याच दिवशी फुटली. चढावर. कोणाच्या बापाला कळलं नसतं."

"हं," झाप्रियान म्हणाला आणि त्याने माझे बॉनेट सावकाश लावून घेतले. त्यानंतर ते कोणी उघडलेले नाही.

मुलगी स्पेनहून आली तेव्हा त्याने तिला तेच सांगितले. ती त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "मग तुझी काय चूक, बाबा?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते. गळणे, करकरणे, तापणे एवढीच आमची बोली. गाडीखाली ओले दिसले तर ते कसले आहे हे उभ्याउभ्या ठरवू नका. खाली वाका, बोट लावा, वास घ्या. काटा वर चढला तर काट्याकडे बघा, त्याला झाकू नका. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही, माझे आता काही व्हायचे राहिलेले नाही. पण तुमच्या शेजारच्या सीटवर अजून कोणीतरी बसत असेल.