जांभळ्या धानाचं पाणी

राग आला की उर्वशी भांडी घासते. त्या दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने नऊ परीक्षानळ्या घासल्या, त्यातल्या दोन फोडल्या, तरी राग काही उतरेना. धनराज सरांनी अहवालात लिहून टाकलं होतं, ट्रकच्या धुळीने धानाचं काही बिघडत नाही. सोमवारी ग्रामसभा होती. खनिजाचे ट्रक गावाबाहेरून न्या, असं ठणकावून सांगायला गावाला याच अहवालाचा आधार हवा होता.

प्रयोग तसा साधा. तिच्या घरी जांभळ्या पानांचं धान पेरतात, म्हणजे निंदताना हिरवं रानधान चटकन ओळखू येतं. त्या पानांचे तुकडे थंड पाण्यात ठेवायचे. पेशीचं पटल शाबूत असेल तर रंग आतच राहतो, फाटलं असेल तर पाण्यात उतरतो. मग त्या पाण्यातून प्रकाश सोडायचा. पाण्याने प्रकाश जितका जास्त शोषला, तितकं पटल फाटलेलं. एक जुडी रस्त्याकाठच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या वाफ्यातली, दुसरी तळ्यामागची, जिथे धूळ पोचतच नाही. आकडे मात्र दोन्हींचे सारखेच आणि भरमसाट आले. फरक नाही, म्हणून सरांनी विषय संपवला. तळ्यामागचं पटल कशाने फाटलं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

घरी येऊन तिने आईवर, वच्छलावर, तोंड सोडलं. जुड्या वच्छलानेच आणून दिल्या होत्या. अदलाबदल केली का, उन्हात ठेवल्या का, एक ना दोन. वच्छलाने सगळं ऐकून घेतलं.

“धुतल्या फक्त. आंघोळीच्या कढत पान्यानं,” ती म्हणाली. “मागल्या खेपी तुह्या सरानं धूळ पाहून नाक मुरडलं होतं. हा कचरा टेबलावर कायले, म्हणे. तुले खाली पाहा लागू नाई म्हून दोन्ही चांगल्या धुतल्या.”

कढत पाण्यात कुठलंच पटल टिकत नाही. उर्वशीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आता राग आईवर नव्हता. सर बोलले तेव्हा ती स्वतः तिथेच उभी होती. चकार शब्द न काढता फडकं आणून तिनेच टेबल पुसलं होतं.

शनिवारी ती दोन्हीकडच्या ताज्या, न धुतलेल्या जुड्या आणि आईला घेऊनच कॉलेजात गेली. वच्छला दाराशी चपला काढून थबकली, तशी उर्वशीने तिला हात धरून आत नेलं आणि धुळीने माखलेली जुडी थेट सरांच्या अहवालावर ठेवली. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्यासमोर तिने दोन्ही जुड्यांची पानं थंड पाण्यात खळबळून घेतली, तुकडे केले आणि तासभर भिजवले. तळ्यामागचं पाणी जवळजवळ नितळ राहिलं. रस्त्याकाठचं गडद गुलाबी झालं, आकडा तिप्पट आला.

सर आकड्याकडे पाहत राहिले. मग टेबलावरच्या धुळीसाठी फडकं शोधू लागले. ते उर्वशीच्या हातात होतं.

“आधी अहवाल बदलवा सर,” ती म्हणाली. “मंग टेबल तुमी पुसा.”