थाकाऊच्या पेट्या

"शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी वातुलाईलाई बेटावर नवं नेटवर्क खणखणीत सुरू झालेलं असेल," इनोसी थाकाऊ म्हणाला. "नाही झालं, तर हा पट्टा तुमच्या टेबलावर."

पट्टा म्हणजे टॉवरवर चढताना कमरेला बांधायचा, जाडजूड, तीन कड्यांचा. राजधानीत, सुवाच्या ऑफिसातही इनोसी तो बांधूनच फिरायचा. समोर बसलेले नायकरसाहेब कधी आवाज चढवत नसत. ते फक्त वहीत लिहीत. त्यामुळे सगळे त्यांना जास्तच घाबरत.

"जेवतोस किती वाजता?" साहेबांनी विचारलं.

"साडेबाराला."

"ठीक. साडेबाराला मी तुझ्या फोनवर फोन लावीन. उचललास तर पट्टा तुझा. नाहीतर नाउसोरी."

नाउसोरीच्या बाजारात कंपनीची निळी छत्री होती. एका बाजूला मासेवाली, दुसऱ्या बाजूला जुन्या कपड्यांचा ढीग, आणि मधे खुर्ची टाकून सिमकार्डं विकायची. इनोसीनं तिथे चार वर्षं काढली होती. टॉवरवर चढायला लागल्यापासून त्याच्या हातून दोन घोटाळे झाले होते. एका टॉवरच्या अँटेना त्यानं समुद्राकडे तोंड करून लावल्या होत्या, त्यामुळे तीन महिने तिथल्या माशांना उत्तम रेंज होती. दुसऱ्या घोटाळ्याबद्दल तो बोलत नसे. तिसऱ्याला जागा नव्हती.

यावेळी तर घड्याळच मानगुटीवर बसलं होतं. जुनं नेटवर्क हवेतल्या ज्या पट्टीवर चालायचं, त्या पट्टीचा परवाना शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच होता. बाराच्या ठोक्याला सुवातला कॉम्प्युटर ते बंद करणार होता, आणि कॉम्प्युटरला विनवण्या करता येत नाहीत. बेटावरच्या लोकांसाठी नव्या फोनांचा खोका पुढच्या महिन्याच्या बोटीनं यायचा होता. म्हणजे शुक्रवारी नवं नेटवर्क ऐकू शकेल असा फोन त्या बेटावर एकच असणार होता, इनोसीचा. त्याचा जोडीदार बिसुन दत्त फोन वापरायचाच नाही. बायको शोधून काढते म्हणाला.

बोटीवर चढवण्याआधी इनोसीनं नव्या सामानाच्या सहाही पेट्यांवर लाल रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं: थाकाऊ.

"पेटीवर कंपनीचं नाव असतं," बिसुन म्हणाला. तो बावन्न वर्षांचा होता आणि गरजेपेक्षा एक फूटही वर चढत नसे.

"कंपनी चढते का टॉवरवर? मी चढतो."

"रंग तरी कंपनीचाच आहे ना," बिसुन म्हणाला आणि पेटीवर टेकला.

बोटीत एक म्हातारी भेटली. माकेलेसी आजी, वातुलाईलाईचीच, सुवातून साखर घेऊन परत चालली होती. तिनं इनोसीला नखशिखांत न्याहाळलं.

"कुठला रे तू?"

"कांदावू बेटाचा, आजी."

भट्टीतून निघालेल्या पावाकडे बघावं तसं आजीनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यावरची टोपी शांतपणे काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली.

"छान बसते," ती म्हणाली. "आम्ही तुमचे तौवू."

इनोसी हसला. हसावंच लागतं. दोन ठिकाणचे पूर्वज एकाच देवाचे असले की ती माणसं एकमेकांची तौवू. तौवूनं तौवूला काहीही बोलावं, त्याचं काहीही उचलावं, आणि उचलणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. जो चिडला तो संपला. त्याच्या नातवंडांनाही पुढे त्यावरून ऐकावं लागतं. लहानपणी इनोसीनं हे नातं कितीतरी वेळा मजेत पाहिलं होतं. बापाच्या तौवूंनी एकदा घरातला डुकराचा अख्खा पाय पळवला, तेव्हा तो पोट धरून हसला होता. फक्त वातुलाईलाई तौवूचं बेट आहे का, हे सुवातून निघताना कुणालातरी विचारायचं राहून गेलं होतं.

किनाऱ्यावर अर्धं गाव उभं होतं. बातमी बोटीच्या आधी कशी पोचते, हे टेलिफोन कंपनीलाही अजून कळलेलं नाही.

इनोसीनं रीतीप्रमाणे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी गावप्रमुख पेनाइयापुढे ठेवली. पेनाइयानं टाळ्या वाजवून ती स्वीकारली, लाकडी परातीत यांगोना कालवली गेली, सगळे प्याले, आणि मग पेनाइया पुढे वाकून म्हणाला, "बूट चांगले आहेत तुझे."

संध्याकाळपर्यंत बूट गेले, काळा चष्मा गेला, टॉवेल गेला, बिस्किटांचा डबा गेला. प्रत्येक वेळी इनोसी हसला. रात्रीपर्यंत त्याचा जबडा दुखायला लागला.

"कांदावूच्या लोकांचे दात बरे असतात," पेनाइया कौतुकानं म्हणाला. "डोक्यात काही ठेवायचं नाही, मग सगळं बळ दातांत."

"आणि तुमचे दात कुठे गेले, काका?"

"तुझ्या आजोबानं नेले," पेनाइया म्हणाला. सगळं गाव खदखदलं.

बिसुनच्या पिशवीला मात्र कुणी बोट लावलं नाही. तो कुणाचा तौवू नव्हता, पाहुणा होता; त्याच्यासमोर तर उलट दोनदा मासा वाढला.

इनोसीला खिशातल्या फोनची धाकधूक होती. कुणाची नजर गेली की गेलाच. म्हणून त्यानं तो टॉवरखालच्या पत्र्याच्या खोलीत, एका पेटीत, फडक्यात गुंडाळून ठेवला आणि खोलीला कुलूप लावलं. जमीन गावाची, म्हणून त्या कुलपाची दुसरी किल्ली करारानुसार गावप्रमुखाकडे असते, हे त्याला माहीत होतं. पण भीतीच्या भरात माणसाला करार आठवत नाही.

गुरुवारी दिवसभर तो अनवाणी टॉवरवर होता. जुन्यांशेजारी नव्या अँटेना चढवल्या, तारा जोडल्या, तोंडं गावाकडे आहेत ना हे चार वेळा पाहिलं. खाली बिसुन दोरी धरून उभा होता. दुपारी तो जेवायला गेला आणि जेवण लांबलं. संध्याकाळी सुवाची बोट निघून गेली. आता फक्त एक गोष्ट उरली होती, एक पांढरं टोपण. दिसायला मोठ्या अळंबीसारखं. ते आकाशातल्या उपग्रहांकडून अचूक वेळ घेतं, आणि ती वेळ मिळाल्याशिवाय नवं यंत्र तोंड उघडत नाही. ते सकाळी पाच मिनिटांत बसवता येईल, म्हणून इनोसी झोपायला गेला.

शुक्रवारी सकाळी त्यानं पेटी उघडली. आत टोपण नव्हतं. फोनही नव्हता. फडकं मात्र व्यवस्थित घडी घालून ठेवलं होतं.

"बिसुन," तो म्हणाला, आणि उघडी पेटी त्याच्याकडे वळवली.

"मी जेवत होतो," बिसुन म्हणाला.

नऊ वाजल्यापासून दोघं घरोघर हिंडले. प्रत्येक घरात चहा घ्यावा लागला. सातव्या घरात, माकेलेसी आजीच्या, टोपण सापडलं. ते साखरेच्या भांड्यावर घट्ट बसलं होतं. आजी इनोसीची टोपी घालून नारळ खवत होती.

"मुंग्या लागत नाहीत आता," ती म्हणाली. "कांदावूनं आम्हाला पहिल्यांदाच काहीतरी कामाचं दिलं."

चिडायचं नाही. इनोसीनं मनातल्या मनात दहा आकडे मोजले. मग त्याला आठवलं की रीत दोन्ही बाजूंनी चालते.

"आजी, मीही तुमचा तौवू."

"हो रे, बाळा. घे काय हवं ते."

त्यानं साखर न सांडता टोपण उचललं आणि बाहेर पळाला. दाराबाहेर पेनाइया उभा होता, इनोसीचे बूट घालून.

"वा," पेनाइया म्हणाला, "हे काय आणलंस?" आणि टोपण काढून घेतलं.

इनोसीनं परत घेतलं. पेनाइयाच्या मेव्हण्यानं घेतलं. इनोसीनं परत घेतलं. आजीनं मागून येऊन घेतलं. भोवती माणसं जमली, कुणीतरी गुण मोजायला लागलं. इनोसीचं हसू आता रडण्याच्या अगदी काठावर आलं होतं. साडेदहा वाजले होते. डोळ्यांसमोर निळी छत्री उघडत होती.

"पेनाइया," बाजूला उभा असलेला बिसुन म्हणाला, "ते इनोसीचं नाही. कंपनीचं आहे."

गुण मोजणारा थांबला.

"कंपनीचं?" पेनाइयानं विचारलं. "पण पेटीवर तर थाकाऊ लिहिलंय."

सगळ्यांनी इनोसीकडे बघितलं. इनोसी जमिनीकडे बघत होता.

"तसं आधी सांगायचं ना," पेनाइया अगदी खालच्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहराच उतरला होता. "आम्ही काय चोर आहोत? परक्याच्या वस्तूला हात लावला आम्ही. गावाची मान खाली गेली." त्यानं बूट काढले आणि चटईवर ठेवले. आजीनं टोपी ठेवली. चष्मा आला, टॉवेल आला, बिस्किटांचा डबा आला, टोपण आलं. बायकांनी चटई गुंडाळून बांधली. "हे रीतसर परत करायला हवं," पेनाइया म्हणाला. "माफी मागून."

"माफीची गरज नाही, काका," इनोसी घाईघाईनं म्हणाला. "खरंच नाही. द्या ते, मी वर जातो."

"तुझी नाही मागत," पेनाइया म्हणाला. "तुझी काय मागायची? कंपनीची मागतो." आणि तो बिसुनकडे वळला.

पुढचा तास इनोसी जन्मात विसरणार नाही. गाव मैदानात बसलं, टॉवरच्या अगदी पायथ्याशी. बिसुनला मुख्य पाहुण्याच्या जागी बसवलं. पेटाऱ्यातून, माफी मागताना द्यायचा देवमाशाचा दात काढून आणला. पेनाइयानं तो दोन्ही हातांत धरून भाषण सुरू केलं, गावाच्या पहिल्या पूर्वजापासून. इनोसी टॉवरकडे सरकला, तेव्हा दोन माणसांनी त्याचा दंड धरला. समारंभ चालू असताना मोठ्या माणसांच्या डोक्यापेक्षा उंच कुणी जायचं नसतं. उभंसुद्धा राहायचं नसतं. आणि याला जायचं होतं चाळीस मीटर वर.

अकरा वाजले. पूर्वज अजून होडीतच होते.

अकरा पंचवीसला ते किनाऱ्याला लागले. इनोसीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"लवकर स्वीकार," तो बिसुनच्या कानात कुजबुजला.

बिसुननं दात स्वीकारला. मग यांगोना आली. बिसुननं टाळी वाजवली, वाटी रिकामी केली, ओठ पुसले. गाव वाट बघत होतं.

"चव चांगली आहे," बिसुन म्हणाला. "अजून एक मिळेल का?"

त्यामुळे पुन्हा सगळ्यांना एकेक वाटी द्यावी लागली.

अकरा सत्तेचाळीसला इनोसी सुटला. चटईत हात घालून टोपण ओढलं, बूट घालायला वेळ नव्हता, अनवाणीच तो शिडीवर झेपावला. वारा होता. तिसऱ्या टप्प्यावर पट्ट्याचं कडं अडकलं, ते सोडवताना पान्हा हातातून निसटला आणि खाली शांत बसलेल्या गावाच्या मधोमध पडला. कुणाला लागलं नाही. बिसुननं तो दोरीनं वर पाठवला, सावकाश. अकरा अठ्ठावन्नला टोपण बसलं. बारा वाजता खाली पेनाइयानं आपला फोन वर धरून दाखवला. जुनं नेटवर्क गेलं होतं. गावातले सगळे फोन एकाच क्षणी मुके झाले.

इनोसी वरच लोंबकळत राहिला. यंत्रावरचा दिवा लाल होता. बारा पाच. लाल. बारा दहा. लाल. त्यानं देवाला हाक मारली, मग ज्या देवामुळे हे सगळं झालं होतं त्या पूर्वजांच्या देवालाही मारली. बारा सोळाला दिवा पिवळा झाला, आणि बारा एकोणीसला हिरवा.

तो खाली आला तेव्हा त्याची छाती फुगली होती. वातुलाईलाईवर नवं नेटवर्क चालू होतं, आणि गाव अजून जेवलेलंही नव्हतं. त्यानं चटई उलगडली. टोपी, बूट, चष्मा, टॉवेल. डब्यात तीन बिस्किटं. त्यानं चटई उलटी करून झटकली.

"फोन?" तो म्हणाला. "माझा फोन कुठे आहे?"

"फोन होय," माकेलेसी आजी म्हणाली. "तो सोलोमोनेनं नेला, पेनाइयाच्या चुलतभावानं. कालच्या बोटीनं सुवाला गेला तो."

"आजी, सगळं परत करणार होता ना तुम्ही."

"कंपनीचं परत केलं. तुझी टोपी, तुझे बूट, डबासुद्धा दिला, दया आली म्हणून. पण फोन तर तुझा होता ना?" आजीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "काळजी करू नकोस. सोलोमोने चांगल्या घरचा आहे. कुणी फोन केला तर नीट बोलेल."

साडेबारा वाजता नायकरसाहेबांनी फोन लावला. तो पहिल्याच घंटेला उचलला गेला. साहेबांनी विचारलं, "कुठे आहेस?" पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "सुवाच्या धक्क्यावर, साहेब. मासे उतरवतोय." साहेबांनी वही उघडली आणि इनोसी थाकाऊच्या नावापुढे लिहिलं: नाउसोरी, सोमवारपासून.